फोर्ट डिक्स, १९७६ : लस तयार होती, साथ आलीच नाही

फेब्रुवारी ते डिसेंबर १९७६ या काळात अमेरिकेने एक नवा फ्लू विषाणू ओळखला, त्याच्याविरुद्ध लस बनवली, तपासली, सुमारे साडेचार कोटी लोकांना टोचली आणि मोहीम अर्ध्यावर बंद केली. ज्या साथीसाठी हा खटाटोप झाला ती साथ आली नाही. लशीचे विरोधक हे प्रकरण मोठ्या उत्साहाने सांगतात, आरोग्य खाती ते टाळतात, आणि दोन्हीकडे त्यातला कामाचा भाग हरवतो. आमच्या मते लस बनवण्याचा निर्णय बरोबर होता. चूक झाली ती बनवण्याच्या आणि टोचण्याच्या निर्णयांची एकच मोळी बांधण्यात. ही मोळी कशी बांधली गेली आणि पुढे ती का सुटली नाही, हे तारखांसकट पाहण्यासारखे आहे.

तळावर काय घडले

फोर्ट डिक्स हा न्यू जर्सीतला लष्करी प्रशिक्षण तळ. नाताळची सुट्टी संपल्यावर ५ जानेवारीपासून नवे रंगरूट तिथे येऊ लागले. कडाक्याची थंडी, दाटीच्या बराकी आणि थकवणारे प्रशिक्षण यांमुळे अशा तळांवर दर हिवाळ्यात श्वसनाचे आजार पसरतच. त्या वर्षी देशभर एच३एन२ गटातला ए/व्हिक्टोरिया हा फ्लू फिरत होता आणि तळावरचे बरेचसे रुग्ण त्याचेच होते. ४ फेब्रुवारीला एक तरुण सैनिक आजारी असतानाही रात्रीच्या पाच मैलांच्या रूटमार्चला गेला, कोसळला आणि दगावला.

न्यू जर्सीच्या आरोग्य प्रयोगशाळेने घशातल्या नमुन्यांतून विषाणू वाढवले. फ्लूचा विषाणू तांबड्या रक्तपेशींना एकमेकींना चिकटवतो. ओळखीच्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे (अँटीबॉडी) त्यात मिसळली आणि चिकटणे थांबले, तर विषाणू कोणता ते कळते. बहुतेक नमुने ए/व्हिक्टोरियाच्या प्रतिपिंडांना जुळले, पण काही कशालाच जुळेनात. ते अटलांटातल्या सीडीसीकडे, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राकडे, गेले. १२ फेब्रुवारीला उत्तर आले : एच१एन१, डुकरांमध्ये आढळणाऱ्या प्रकाराचा, म्हणजे स्वाइन फ्लू. मृत सैनिकाच्या नमुन्यातही तोच होता.

पुढच्या तपासात एकूण १३ आजारी सैनिक या विषाणूचे निघाले, त्यांतला एक मृत. रक्ततपासणीवरून अंदाज आला की साधारण २३० सैनिकांना संसर्ग होऊन गेला होता. म्हणजे विषाणू माणसाकडून माणसाकडे जात होता, आणि खरी धास्ती हीच होती. दुसरी बाजूही त्याच तपासात दिसत होती. हा विषाणू जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत तळावर फिरला आणि थांबला. तळाबाहेर एकही साखळी सापडली नाही. त्याच बराकींत ए/व्हिक्टोरिया मात्र जोमाने पसरत होता. पुष्कळ वर्षांनी त्या नोंदींवरून काढलेला प्रसाराचा दर १.२ च्या आसपास येतो. एक रुग्ण सरासरी जेमतेम एकालाच संसर्ग देत होता, तोही बराकीच्या दाटीत.

भीतीला आधार होता

डुकरांमधला हा विषाणू रिचर्ड शोप यांनी १९३० च्या सुमारास अमेरिकेत वेगळा केला होता. वयस्क माणसांच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे सापडत, १९१८ नंतर बऱ्याच वर्षांनी जन्मलेल्यांत सापडत नसत. त्यावरून तो १९१८ च्या विषाणूचा वंशज समजला जाई. १९१८ ची साथ म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. आपल्याकडे जुनी माणसे जिला मानमोडी म्हणत, ती हीच. त्या वर्षी जूनमध्ये मुंबईच्या गोदीतून ती शिरली आणि काही महिन्यांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली.

१९७६ मध्ये पन्नाशीच्या आतल्या जवळजवळ सगळ्या अमेरिकनांना या विषाणूची ओळखच नव्हती. १९५७ आणि १९६८ मध्ये विषाणूचा पृष्ठभाग असाच एकदम बदलला होता आणि दोन्ही वेळा जगभर साथ आली होती. दोन्ही वेळा अमेरिकेत पुरेशी लस हाती येईपर्यंत साथ माथ्यावर पोचलेली होती. या वेळी प्रथमच विषाणू आधी सापडला होता आणि हिवाळ्याला सात-आठ महिने अवकाश होता. तज्ज्ञांना ही संधी सोडवेना, आणि त्यात नवल नाही.

दोन आठवड्यांत ठरलेली गोष्ट

लसीकरण सल्लागार समिती १० मार्चला बसली. तीन दिवसांनी सीडीसीचे संचालक डेव्हिड सेन्सर यांचे टिपण वर गेले. त्यात पर्याय चार होते : काहीच न करणे, मर्यादित तयारी, पूर्ण सरकारी मोहीम, आणि सरकारी व खासगी यंत्रणा मिळून सगळ्या देशाला लस. शिफारस शेवटच्या पर्यायाची होती. साथ येण्याची शक्यता जोरदार असल्याचे टिपणात म्हटले होते, पण ती शंभरात दोन की शंभरात वीस, याचा अंदाज कुठेच नव्हता.

घाईचे कारण अंड्यांचे होते. कंपन्यांचे नेहमीच्या लशीचे उत्पादन संपत आले होते. फलित अंडी देणाऱ्या कळपांतले कोंबडे लवकरच कत्तलीला जाणार होते, आणि एकदा ते गेले की नवे कळप उभे करायला महिने लागतात. त्यामुळे मार्चअखेर हुकूम न निघाल्यास शरद ऋतूत लस मिळणार नव्हती. हे खरेच होते. पण ही निकड फक्त बनवण्यापुरती होती. टोचायची की नाही, हे ऑगस्टमध्ये ठरवले असते तरी एकही अंडे वाया गेले नसते.

समितीत वॉशिंग्टन विद्यापीठाचे रसेल अलेक्झांडर यांनी हाच मुद्दा काढला होता : लस करून ठेवा, टोचण्याआधी थांबा, काय दिसले तर सुरू करायचे ते ठरवा. त्याला मिळालेले उत्तर वजनदार होते. विमानप्रवासाच्या युगात साथ देशभर पसरायला थोडे आठवडे पुरतात. टोचल्यापासून पुरेशी प्रतिपिंडे तयार व्हायला दोन आठवडे लागतात, आणि २१ कोटी लोकांना टोचायला महिने. मग कोठारात पडलेली लस कामाला येणार कधी? या उत्तरापुढे साठ्याचा पर्याय मागे पडला आणि शिफारशीत स्वतंत्रपणे उरला नाही.

२४ मार्चला राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी पोलिओ लशीचे दोन्ही जनक, जोनास साल्क आणि अल्बर्ट सेबिन, यांना बाजूला उभे करून घोषणा केली : देशातला प्रत्येक पुरुष, स्त्री आणि मूल. मागितलेली रक्कम १३ कोटी ५० लाख डॉलर होती, आणि काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) संमत केलेल्या विधेयकावर १५ एप्रिलला सही झाली. इतक्या जाहीर शब्दानंतर मागे फिरण्याची जागा उरली नाही. पुढे सेबिन यांनी मत बदलले आणि साठा करून वाट पाहावी असे ते उघड म्हणू लागले, पण तोवर उशीर झाला होता.

अंड्यापासून सुईपर्यंत

फोर्ट डिक्सचा मूळ विषाणू अंड्यात नीट वाढेना. एडविन किलबर्न यांच्या प्रयोगशाळेने तो आणि अंड्यात भरपूर वाढणारा पीआर८ हा जुना प्रयोगशाळेतला विषाणू एकाच वेळी अंड्यात वाढवले. फ्लूच्या विषाणूची जनुके आठ सुट्या तुकड्यांत असतात, त्यामुळे दोन विषाणू एका पेशीत आले की तुकड्यांची अदलाबदल होते. बाहेरची प्रथिने नव्या विषाणूची आणि वाढीचा जोम जुन्याचा, असा संकर निवडला गेला. त्याचे नाव एक्स-५३.

पुढची पद्धत आजही बऱ्याच अंशी तीच आहे. दहा-अकरा दिवसांच्या फलित अंड्याला बारीक भोक पाडून गर्भाभोवतीच्या द्रवात विषाणू सोडतात. दोन-तीन दिवस ३३ ते ३५ अंश सेल्सिअसला उबवतात, मग अंडे थंड करून द्रव काढून घेतात. वेगाने फिरणाऱ्या यंत्रात विषाणू वेगळा करतात आणि फॉर्मालिनने तो निष्क्रिय करतात. लशीत अख्खा विषाणू ठेवता येतो किंवा तो रसायनाने फोडता येतो. त्या काळी एका अंड्यातून साधारण एक मात्रा निघे, म्हणजे कोट्यवधी माणसांसाठी कोट्यवधी अंडी.

मध्ये एक अपघात झाला. चार उत्पादकांपैकी एकाने फोर्ट डिक्सच्या विषाणूऐवजी डुकरांमधल्या जुन्या विषाणूची लस बनवली आणि २० लाखांहून अधिक मात्रा बाद झाल्या. बीजविषाणूची, म्हणजे ज्यापासून लस वाढवायची त्या मूळ विषाणूची, ओळख पहिल्या तुकडीतच पुन्हा न तपासल्याने असे होते, आणि वेळापत्रक ताणलेले असले की कात्री नेमकी याच पायरीला लागते.

चाचण्या २१ एप्रिलला सुरू झाल्या. पाच हजारांहून अधिक स्वयंसेवक होते आणि निकाल २१ जूनला आले. प्रौढांना एक मात्रा पुरत होती. मुलांमध्ये पेच निघाला. अख्ख्या विषाणूच्या लशीने ताप येई, फोडलेल्या विषाणूच्या लशीने प्रतिपिंडे कमी तयार होत, म्हणून दोन मात्रा लागणार होत्या. ज्यांच्या शरीराने हा विषाणू कधी पाहिलेला नाही त्यांना पहिली मात्रा केवळ ओळख करून देते, प्रतिसाद दुसरीनंतर येतो. आजही नऊ वर्षांखालच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा फ्लूची लस देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा देतात, त्याचे कारण हेच. त्या उन्हाळ्यात याचा अर्थ असा झाला की 'प्रत्येक मूल' हे वचन पाळायला लागणारी लस देशाकडे नव्हती.

आणखी एक बाब बारीक वाटेल, पण पुढे तिने फार नुकसान केले. ज्येष्ठ आणि जुनाट आजार असलेल्यांसाठी वेगळी दुहेरी लस केली होती : फोर्ट डिक्सचा विषाणू आणि ए/व्हिक्टोरिया, एकाच कुपीत.

विमा, आणि एक भलताच आजार

जूनमध्ये विमा कंपन्यांनी या लशीची जोखीम उचलायला नकार दिला. करोडो लोकांना टोचल्यावर खरे-खोटे हजारो दावे येतील आणि नुसते कोर्टाचे खर्च परवडणार नाहीत, हे त्यांचे म्हणणे. विमा नाही म्हणून उत्पादक लस हवाली करेनात. उन्हाळ्यात सुरू व्हायची मोहीम तिथेच अडकली. काँग्रेसची समिती विधेयक पुढे सरकवायला तयार नव्हती.

जुलैच्या अखेरीस फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन झाले आणि त्यातली माणसे न्यूमोनियाने मरू लागली. पहिली शंका अर्थातच स्वाइन फ्लूची आली. ५ ऑगस्टपर्यंत तो फ्लू नसल्याचे स्पष्ट झाले (लिजिओनेला हा जीवाणू पुढे जानेवारी १९७७ मध्ये सापडला), पण राजकीय वारा फिरला होता. आठवडाभरात कायदा मंजूर झाला आणि १२ ऑगस्टला सही झाली : दावे उत्पादकांवर न होता सरकारवर होतील.

याच ऑगस्टमध्ये थांबून विचार करण्याजोगी माहिती टेबलावर होती. दक्षिण गोलार्धाचा हिवाळा सरत आला होता आणि तिथे हा विषाणू दिसला नव्हता. इंग्लंडमध्ये सहा स्वयंसेवकांना मुद्दाम संसर्ग देऊन पाहिले, तर आजार सौम्य निघाला. फेब्रुवारीपासून अमेरिकेत माणसाकडून माणसाकडे गेलेली एकही नवी साखळी नव्हती. मार्चच्या टिपणात 'दक्षिणेत काही दिसले नाही तर टोचणे स्थगित' अशी एक ओळ असती, तर हा निर्णय कोणाची माघार न ठरता आपोआप झाला असता. ती ओळ कोणी लिहिली नव्हती.

ऑक्टोबरमधले तीन मृत्यू

१ ऑक्टोबरला लसीकरण सुरू झाले. शाळा-सभागृहांत रांगा लागल्या, आणि सुईऐवजी दाबाच्या झोताने लस आत सोडणाऱ्या जेट इंजेक्टरने तासाला शेकडो माणसे होत. ११ ऑक्टोबरला पिट्सबर्गमध्ये एकाच केंद्रावर लस घेतलेल्या तीन वृद्धांचा मृत्यू झाला. नऊ राज्यांनी लसीकरण थांबवले. १४ तारखेला फोर्ड यांनी कॅमेऱ्यांसमोर लस घेतली.

तपासात हे मृत्यू हृदयविकाराचे निघाले. इथे साधे गणित आहे. सत्तरीच्या आसपासच्या लोकसंख्येत वर्षाला शंभरातली चार माणसे जातात असे धरले, तर एक लाखात दररोज अकराच्या आसपास मृत्यू होतात. लस दिली काय, न दिली काय. पहिल्या दहा दिवसांत लाखो वृद्धांना लस दिल्यावर काही जण त्याच दिवशी, काही दुसऱ्या दिवशी जाणारच. हा आकडा मोहिमेआधी काढून पत्रकारांच्या हाती ठेवायला हवा होता. मृत्यूनंतर सांगितले की तेच गणित सारवासारव वाटते.

गियाँ-बारे : इथे मात्र आकडा जुळला नाही

नोव्हेंबरच्या मध्यास मिनेसोटातून गियाँ-बारे सिंड्रोमची, म्हणजे जीबीएसची, पहिली सूचना आली. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात दूषित पाण्याशी संबंध जोडला गेलेला जीबीएसचा उद्रेक झाला, तेव्हापासून हे नाव मराठी घरांत माहीत आहे. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच चेतातंतूंवर उलटते, पायांपासून वर लुळेपणा चढतो, आणि काहींना श्वासासाठी यंत्र लागते. बहुतेक जण बरे होतात, पण महिने लागतात.

एरवी जीबीएस वर्षाला एक लाखात एक ते दोघांना होतो. मधला दर १.५ धरला, तर साडेचार कोटी लोकांत वर्षाला ६७५, आणि सहा आठवड्यांत ७५ ते ८० रुग्ण आपोआप दिसायला हवेत. प्रत्यक्षात १ ऑक्टोबर ते ३१ जानेवारी या काळात देशात १,०९८ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांपैकी ५३२ जणांनी आधी लस घेतली होती. त्यांतले ३२ दगावले. आजार सुरू होण्याच्या तारखा टोचल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दाटलेल्या होत्या आणि सहाव्या आठवड्यानंतर ओसरत होत्या. योगायोग असता तर तारखा सारख्या विखुरल्या असत्या. हिशेबाअंती लशीमुळे वाढलेली जोखीम एक लाखात एकाहून किंचित कमी निघाली. पुढच्या फेरतपासण्यांतही हा संबंध टिकला.

चाचणीत हे का दिसले नाही, असे अनेकदा विचारले जाते. पाच हजार माणसांच्या चाचणीत लाखात एक अशी घटना दिसण्याची शक्यता शंभरात पाच. ती एकदा तरी दिसेल याची ९५ टक्के खात्री हवी, तर तीन लाख माणसे लागतात. अशी जोखीम फक्त मोहीम चालू असताना, नोंदींवर लक्ष ठेवूनच पकडता येते. ती पाहणी यंत्रणा १९७६ मध्ये होती आणि तिने महिन्याभरात काम केले. हे श्रेय त्या लोकांना फारसे कोणी देत नाही.

१६ डिसेंबरला मोहीम थांबली. लाखात एक ही जोखीम खऱ्या साथीत कोणीही स्वीकारली असती. पण समोर आजारच नव्हता. डुकरांशी थेट संपर्कातले तुरळक रुग्ण सोडले, तर त्या हिवाळ्यात हा विषाणू कोणाला झाला नाही, आणि ज्या तराजूच्या एका पारड्यात शून्य आहे तिथे दुसऱ्या पारड्यातले थोडेही जड ठरते.

थांबवण्याची किंमत मात्र वृद्धांनी मोजली. दुहेरी कुपीमुळे स्वाइन फ्लूची लस बंद झाली तशी ए/व्हिक्टोरियाचीही बंद झाली, आणि तो फ्लू खरोखर फिरणारा होता. फेब्रुवारी १९७७ मध्ये फ्लोरिडातल्या एका वृद्धाश्रमात त्याचा उद्रेक झाल्यावर जोखमीच्या गटांसाठी ती लस पुन्हा खुली केली गेली. तोवर अर्धा हिवाळा गेला होता. सरकारवर सुमारे ४,००० दावे झाले आणि सेन्सर यांचे पद गेले.

नंतरच्या काळात

२००९ मध्ये एच१एन१ची साथ खरीच आली, तेव्हा १९७६ ची सूत्रे कागदावर होती. लस बनवण्याचा निर्णय आधी आणि देण्याचा निर्णय वेगळा ठेवला गेला. जीबीएसची पाहणी पहिल्या दिवसापासून सुरू होती. अमेरिकेत त्या लशीमुळे वाढलेली जोखीम दहा लाखांत एक ते तीन अशी निघाली. कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात तर हंगामी लशीनंतर जीबीएसची जोखीम दहा लाखांत एक आणि प्रत्यक्ष फ्लूच्या आजारानंतर दहा लाखांत सतरा आढळली. १९७६ ची लस घेतलेल्यांच्या रक्तात २००९ च्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडे तेहतीस वर्षांनीही बऱ्याच प्रमाणात सापडली, म्हणजे लस म्हणून तिने तिचे काम केले होते.

पुण्यात २००९ मध्ये उलटे घडले. ऑगस्टमध्ये देशातला पहिला मृत्यू झाला, शाळा बंद झाल्या, तपासणी केंद्रांवर रांगा लागल्या, आणि भारतात बनलेल्या लशी बाजारात आल्या त्या २०१० च्या मध्यास. त्या वर्षी साठा करून ठेवणे म्हणजे काय, हे इथल्या डॉक्टरांना चांगले कळले.

आज महाराष्ट्रात लस घेणाऱ्याने या प्रकरणातून दोन गोष्टी उचलाव्यात. पहिली वेळेची. आपल्याकडे फ्लूचा मुख्य चढ पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये असतो, म्हणून लस एप्रिल-मेमध्ये घ्यावी आणि खोक्यावर त्याच वर्षाची दक्षिण गोलार्धाची रचना लिहिलेली आहे का ते पाहावे. ऑक्टोबरची शिफारस थंडीत फ्लू येणाऱ्या देशांची आहे. ती पाळली, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत संरक्षण बरेच उतरलेले असते. दुसरी गोष्ट टोचण्याआधी सांगायची : पूर्वी कधी फ्लूच्या लशीनंतर सहा आठवड्यांच्या आत जीबीएस झाला असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. अशा व्यक्तीबाबत निर्णय वेगळा घेतला जातो. ज्यांना मधुमेह, दमा, हृदयविकार आहे, ज्यांचे वय साठीपुढे आहे किंवा ज्या गर्भवती आहेत, त्यांच्या बाबतीत फ्लूचे पारडे कधीच रिकामे नसते. त्यांनी दरवर्षी लस घ्यावी.